‘न मोडणारं मूल’ कुठून आलं?

शाळांच्या माहितीपत्रकांत हल्ली ‘रेझिलियन्स’ (संकटातून सावरण्याची ताकद) हा शब्द हमखास भेटतो. मराठीत त्याला कुणी लवचिकता म्हणतं, कुणी चिवटपणा, तर कुणी खंबीरपणा. तिन्ही शब्द थोडे थोडे चुकतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मागे उसळणं’. एकोणिसाव्या शतकात इंजिनिअर तो लाकूड-लोखंडाबद्दल वापरत: ताण सुटला की वस्तू पूर्ववत होते का? मुलांच्या मानसशास्त्रात हा विषय रुजला तो १९७० च्या दशकात, आणि तोही आडवाटेनं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन गार्मेझी स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचा अभ्यास करत होते. आजारी आईवडिलांच्या मुलांत त्या आजाराची चाहूल लागते का, हे त्यांना पाहायचं होतं. पण यातली बरीच मुलं ठणठणीत निघाली. अभ्यासात बरी, मित्रांत रमणारी. अशा मुलांकडे तोवर फारसं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. धडधाकट मूल दवाखान्याची पायरी कशाला चढेल? गार्मेझींनी मग प्रश्नच उलटा केला: एवढं सगळं असूनही हे मूल नीट कसं?

सुरुवातीला अशा मुलांना ‘अभेद्य’ म्हणायची टूम निघाली. शब्द आकर्षक होता, पण घातकही. जणू मोजकी मुलं जन्मतःच चिलखत घालून येतात आणि बाकीची कमनशिबी.

या समजाला तडा गेला तो हवाई बेटांपैकी कौआईवर. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा घेतला, तोही थेट चाळिशीपर्यंत. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार, जन्मावेळच्या अडचणी अशी अनेक संकटं एकदम वाट्याला आलेली सुमारे दोनशे मुलं त्यांनी वेगळी काढली. त्यांतली ७२, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा, कर्तबगार आणि मायाळू माणसं झाली. त्यातल्या काहींचा स्वभाव तान्हेपणापासूनच गोड होता, हे खरं. पण त्यांच्या आयुष्यात एक तरी भरवशाचं माणूस होतं: आजी, मावशी, शेजारीण. घराबाहेरच्या माणसांत आवडत्या शिक्षकाचं नाव वारंवार येई. धाकट्या भावंडांना सांभाळायची जबाबदारी अंगावर पडलेली मुलंही यात होती. आणखी एक गोष्ट, जी सहसा सांगितली जात नाही: किशोरवयात भरकटलेल्यांपैकी बरेच जण पुढे तिशी-चाळिशीत सावरले. पुढचं शिक्षण, सैन्यातली नोकरी, समंजस जोडीदार, अशा कशानं तरी त्यांना दुसरी संधी मिळाली होती. पंधराव्या वर्षी मुलाचा निकाल लावून मोकळं होणाऱ्यांनी हे वाचावं.

शाळेचा वाटा किती, हे ब्रिटनमध्ये बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी तपासलं. लंडनच्या मध्यवर्ती भागातल्या १२ माध्यमिक शाळांवरचा त्यांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. येणारी मुलं कशी आहेत हा फरक हिशेबात धरूनही शाळाशाळांत तफावत उरत होती. इमारत किती जुनी, शाळा किती मोठी, याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. कौतुक होतं का, मुलांवर जबाबदाऱ्या सोपवल्या जातात का, तास नीट घेतले जातात का, यावर बरंच काही ठरत होतं. लहान, पेलवतील अशी आव्हानं मुलाला लसीसारखी तयार करतात, हेही रटर यांनी मांडलं. यातला ‘पेलवतील अशी’ हा भाग पुढे सोयीस्करपणे गळाला.

२००१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन मास्टेन यांनी या सगळ्याला ‘साधीसुधी जादू’ म्हटलं. तग धरायला असामान्य शक्ती लागत नाही. जिव्हाळ्याची माणसं आणि नीट चालणारी शाळा या रोजच्या गोष्टी शाबूत असल्या की बहुतेक मुलं सावरतात.

तोवर शाळांमध्ये मात्र तयार पाठ शिरू लागले होते. नकारात्मक विचार ओळखा, तपासा, बदला, असे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या गटानं बनवलेला असा एक कार्यक्रम २००७ पासून इंग्लंडमधल्या काही शाळांत राबवला गेला. पहिल्या वर्षाअखेर मुलांमधली उदासी किंचित कमी दिसली. आणखी एका वर्षानं तो फरक ओसरला होता. कौआईतल्या मुलांना आठवणारे शिक्षक मात्र अशा ठरावीक तासांपुरते भेटलेले नव्हते.