समोरचा वारा आणि पाण्याखालचे शीड

नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये ‘म्हादेई’ ही सुमारे 17 मीटर लांबीची शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. तो नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, आणि जायचे होते दक्षिणेकडे. म्हणजे ऋतूचा वारा पाठीशी नव्हता. मागचा वारा होडीला ढकलतो हे कोणालाही पटते, पण समोरून तिरका येणारा वारा तिला पुढे कसा नेईल?

याचे निम्मेच उत्तर शिडात आहे. वाऱ्याशी लहानसा कोन करून ताणलेले शीड आपल्या फुगीर बाकामुळे वाऱ्याची वाट वळवते, आणि शिडाने हवेला एकीकडे वळवले की न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा शिडाला दुसरीकडे रेटते. हा रेटा मुख्यतः आडवा असतो, पुढे नेणारा भाग थोडाच. तेवढ्यावर सोडले तर होडी बाजूलाच वाहवत जाईल.

तिला अडवतो तो पठाण, म्हणजे तळाचा कणा. आजच्या नौकांत तो रुंद पात्यासारखा खोल उतरलेला असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असल्याने शिडाच्या मानाने लहानसे हे पातेही आडव्या रेट्याला पुरून उरते. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दिशेने मात्र ते पाणी सहज कापत जाते. बारकाईने पाहिले तर होडी किंचित आडवी सरकतच असते, आणि त्या तिरकेपणामुळेच पठाण पाणी वळवतो व उलट रेटा मिळवतो. म्हणून त्याला पाण्याखालचे शीड म्हणायला माझी हरकत नाही.

सीताफळाची ओली बी चिमटीत दाबून पाहावी. दोन्ही बोटे आडवीच दाबतात, पण बी सटकते ती पुढे. वारा आणि पाणी यांच्या चिमटीत होडीचेही जवळपास तसेच होते. फरक इतकाच, की होडीचा वेग वाढला की पाण्याचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो, आणि तो पुढच्या रेट्याइतका झाला की वेग स्थिरावतो.

नाळ थेट वाऱ्यावर धरली तर मात्र शीड नुसते फडफडते. म्हणून वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवून, आधी डावीकडून मग उजवीकडून, नागमोडी जावे लागते, आणि सरळ 10 किलोमीटरची मजल सुमारे 14 किलोमीटरची होते. कोकणच्या जुन्या मचव्यांवर अशा प्रत्येक वळणाला शिडाचे लांबलचक परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो वासा, डोलकाठीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला न्यावे लागे, तेही हलत्या होडीत, दोरांना लोंबकळून.