एकशे साडेसत्तावीसचं करायचं काय?

कॉम्प्युटर सुरू झाला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार-पाच वेळा ‘रिफ्रेश’ दाबायचं, ही सवय आपल्याकडे सायबर कॅफेच्या काळापासून आजच्या लॅपटॉपपर्यंत बिनबोभाट चालत आली आहे. ‘त्यानं रॅम मोकळी होते’ असं परवा मला इंजिनीअरिंगच्या एका मुलानंच समजावलं. रॅमचा इथे काही संबंध नाही. विंडोज त्या फोल्डरमध्ये काय आहे ते पुन्हा एकदा बघतं आणि चिन्हं पुन्हा काढतं, इतकंच. मांजर आडवं गेलं की सात पावलं मागे जाण्यातला हा प्रकार.

पण ‘पुन्हा काढतं’ हे दोन शब्द मात्र माझ्या आवडीचे. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात आणि सेकंदाला साठ चित्रं हवी असतील, तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ‘इथे निळं बटण, त्यावर ही अक्षरं, खाली अंधुक सावली’ एवढीच यादी प्रोग्राम देतो. तिचे ठिपके करतो तो रेंडरर. हा रेंडररच बदलायचा म्हणजे घरात माणसं राहत असताना वायरिंग बदलण्यासारखं. काम नीट झालं तर कुणाला कळतसुद्धा नाही.

लिनक्सवरच्या अनेक प्रोग्रामांच्या खिडक्या, बटणं, मेनू ज्या जीटीके या संचातून बनतात, त्यात हे नुकतंच झालं. मार्च २०२४च्या ४.१४ आवृत्तीत नवा रेंडरर आला. १९९२पासूनचं ओपनजीएल आणि २०१६मध्ये आलेलं व्हल्कन, ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याच्या या दोन्ही पद्धतींसाठी त्यात बराचसा कोड एकच आहे. सप्टेंबर २०२४च्या ४.१६मध्ये वेलँडवर (लिनक्समध्ये प्रोग्रामांच्या खिडक्या पडद्यावर पोचवणारी नवी पद्धत) व्हल्कनला पहिली पसंती मिळाली आणि ४.१८मध्ये जुना ओपनजीएल रेंडरर काढूनच टाकला. (‘व्हल्कन आलं, आता सगळं सुसाट’ असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. तुमचा टेक्स्ट एडिटर बहुतेक वेळ तुमच्या पुढच्या अक्षराची वाट बघत बसलेला असतो.)

अशा नव्या रेंडररची परीक्षा घ्यायची कशी? सरळ उपाय असा, की बरोबर चित्राची एक प्रत जपून ठेवायची, नव्याकडून तेच चित्र काढून घ्यायचं आणि ठिपक्याला ठिपका लावून बघायचा. इथे एक पक्का गैरसमज आडवा येतो. दोन कॉम्प्युटरना एकच गणित दिलं, तर उत्तर एकच येणार, असं आपण धरून चालतो.

काळ्यावर अर्धपारदर्शक पांढरा रंग टाका. रंगाच्या पायऱ्या ० (काळा) ते २५५ (पांढरा), त्यामुळे उत्तर १२७.५. आता ठिपक्यात अर्धी पायरी मावत नाही. १२७ की १२८? एक कार्ड इकडे जातं, दुसरं तिकडे. त्याआधीच्या आकडेमोडीतही अशीच मेख आहे. ग्राफिक्स कार्ड सहसा वापरतं त्या ३२ बिटांच्या दशांश संख्येत १,६७,७७,२१६मध्ये १ मिळवला, तर उत्तर १,६७,७७,२१६च येतं, कारण पुढचा विषम आकडा तिथे लिहिताच येत नाही. पुन्हा १ मिळवा, पुन्हा तेच. पण दोन्ही १ आधी एकत्र करून २ मिळवले, तर १,६७,७७,२१८ येतात. म्हणजे बेरजेचा क्रम बदलला की बेरीज बदलते. शाळेतल्या बाईंनी फळ्यावर सिद्ध केलेला नियम इथे लंगडा पडतो.

म्हणून ‘अगदी तंतोतंत’ची अट सोडून ‘चालेल इतका फरक’ ठरवावा लागतो. फायरफॉक्सच्या चाचण्यांमध्ये त्यासाठी दोन आकडे देता येतात: एका ठिपक्यात जास्तीत जास्त किती पायऱ्यांचा फरक चालेल आणि असे किती ठिपके चालतील. दोन का, ते आपल्याच लिपीत सुरेख दिसतं. इथे जरा रेंगाळतो.

‘कमल’ लिहा. समजा ‘क’ची शिरोरेषा एका ठिपक्याच्या बरोबर मध्यावर संपते आणि ‘म’ची तिथूनच सुरू होते. रेंडरर अक्षरं एकेक करून काढतो. ‘क’नं ठिपका अर्धा व्यापला म्हणून त्यानं ५० टक्के शाई लावली. मग ‘म’ आला, त्यालाही अर्धाच ठिपका हवा. रेंडरर उरलेल्या पांढऱ्याचा अर्धा भाग काळा करतो, म्हणजे आणखी २५. झाले ७५ टक्के! खरं तर डावा अर्धा एकाचा, उजवा अर्धा दुसऱ्याचा, ठिपका पूर्ण काळा व्हायला हवा. पण ‘किती’ व्यापलं एवढंच रेंडररच्या लक्षात राहतं, ‘कुठलं’ ते राहत नाही. त्यामुळे ० ऐवजी साधारण ६४व्या पायरीचा करडा ठिपका उरतो आणि जिथे अक्षर अक्षराला भेटतं तिथे शिरोरेषा झिजल्यासारखी दिसते.

फाँट घडवणाऱ्यांना हे माहीत असतं. ते शिरोरेषा अक्षराच्या हद्दीबाहेर किंचित लांबवून शेजाऱ्यावर चढवतात. पण काही रेंडरर अक्षराची जागा जवळच्या पाव ठिपक्यावर सरकवतात, त्यात एक अष्टमांश ठिपक्यापर्यंतची चूक येते. एक अक्षर डावीकडे आणि पुढचं उजवीकडे सरकलं, की अक्षर बारीक असताना ती चढवलेली पट्टी पुरत नाही. पडदा १२५ टक्क्यांवर ठेवला की ठिपक्यांच्या रेघांवर नेमकं काहीच बसत नाही आणि असे योग वाढतात. इंग्रजी अक्षरं सहसा सुटी उभी राहतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. म्हणजे फक्त इंग्रजी मजकुरावर घेतलेली परीक्षा रेंडरर शंभर टक्क्यांनी पास होईल. चाचणीच्या चित्रांत देवनागरीची एक ओळ हवीच, असं माझं ठाम मत आहे.

आता ते दोन आकडे बघा. सगळं चित्र एका पायरीनं हललं तर डोळ्याला कळत नाही. चारच ठिपके ६४ पायऱ्यांनी हलले तर मराठी वाचणाऱ्याला लगेच खुपतं. एकच सरासरी काढली असती, तर हे चार ठिपके तिच्यात बुडाले असते. चाचणी नापास झाली की ‘फरकाची मर्यादा जरा वाढवू’ हा मोहही होतोच. तो आवरणं हे या कामातलं अर्धं कौशल्य.

जीटीकेवाल्यांची एक युक्ती मला फार आवडली. तेच चित्र ते आरशासारखं उलटवून, फिरवून, मुखवट्याआडून, पुन्हापुन्हा मांडून काढायला लावतात. एका उदाहरणातून अनेक चाचण्या निघतात. डावीकडे बरोबर गोलाई देणारा कोड उजवीकडे चुकत असेल, तर तिथेच सापडतो.

तरी बरंच निसटतं, कारण चाचण्या चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये बहुधा ग्राफिक्स कार्डच नसतं. तिथे मेसा या ग्राफिक्सच्या मुक्त सॉफ्टवेअरमधलं एलएलव्हीएमपाइप प्रोसेसरवरच कार्डाची नक्कल करतं. तिथे सगळे दिवे हिरवे आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर मेनूच्या जागी कचरा! मग सुरू होतो तपास. एक सेटिंग बदलून तोच प्रोग्राम कैरोवर, म्हणजे फक्त प्रोसेसरवर, मग ओपनजीएलवर, मग व्हल्कनवर चालवायचा. कैरो ठीक आणि बाकी दोन्ही बिघडलेले, तर संशय दोघांच्या सामायिक कोडवर. एकटं व्हल्कन बिघडलेलं, तर तिथला कोड किंवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. बिघडलेल्या चित्राची यादी मजकुराच्या फाइलमध्ये साठवता येते. तिच्यातली एकेक ओळ उडवत जायचं आणि कुठली ओळ काढल्यावर कचरा जातो ते बघायचं.

सगळ्यात चकवणारा बिघाड वेगळाच. वेळ वाचवण्यासाठी रेंडरर प्रत्येक वेळी पूर्ण खिडकी काढत नाही. जेवढं बदललं तेवढाच चौकोन काढतो. तो चौकोन एका ठिपक्यानं जरी कमी मोजला, तरी लुकलुकणाऱ्या कर्सरमागे एक बारीक रेघ उरते. खिडकी लहान-मोठी केली की सगळं नव्यानं काढलं जातं आणि रेघ गायब होते. ‘दरवेळी पूर्ण काढ’ असा तपासाचा पर्याय जीटीकेत आहे. तो लावल्यावर रेघ दिसेनाशी झाली, तर चूक रंगात नाही, अक्षरात नाही, त्या चौकोनाच्या मोजमापात आहे.