विमान परत फिरलं की डायव्हर्ट झालं? दोन्ही एकच नाही बरं का

कुठेतरी एअरस्पेस, म्हणजे एखाद्या देशावरचं आकाश, विमानांसाठी बंद झाली की बातम्यांत लगेच येतं, इतक्या इतक्या फ्लाइट्स डायव्हर्ट. त्या आकड्यात निघाली तिथेच माघारी आलेली विमानं पण असतात आणि भलत्याच शहरात जाऊन उतरलेली पण. सगळ्यांना एकच शब्द. पण हे दोन वेगळे निर्णय असतात आणि आत बसलेल्या माणसाचे पुढचे दोन दिवस कसे जाणार ते यावरच ठरतं.

डायव्हर्ट म्हणजे ठरलेलं ठिकाण सोडून तिसऱ्याच विमानतळावर उतरणं. परत फिरणं म्हणजे निघालो तिथेच. वळसा घालून उशिरा का होईना पण ठरलेल्या जागीच पोचणं हा अजून एक प्रकार, त्याला रीरूट म्हणतात, तो आज बाजूला ठेवू.

१३ जून २०२५ घ्या. इस्रायलने इराणवर हल्ला केला, इराणचं आकाश बंद झालं, इराकचंही झालं, आणि युरोप-अमेरिकेच्या वाटेवरची विमानं हवेतच अडकली. त्या दिवशीची एअर इंडियाची यादी बघा. मुंबईहून लंडनला निघालेलं विमान परत मुंबईला, दिल्लीहून वॉशिंग्टनला निघालेलं परत दिल्लीला. पण लंडनहून मुंबईला येणारं व्हिएन्नाला उतरलं आणि व्हँकुव्हरहून दिल्लीला येणारं जेद्दाला. म्हणजे घरून निघालेली बरीचशी घरी परतली आणि घराकडे निघालेली मधेच कुठेतरी टेकली. हा काही योगायोग नाही.

डायव्हर्जनमागचा प्रश्न साधा असतो, आत्ता सुरक्षित कुठे उतरता येईल? जवळ धावपट्टी हवी, ती आपल्या विमानाला पुरेल एवढी लांब हवी, हवामान बरं हवं आणि त्यांनी या म्हणायला हवं. बस. परत फिरताना प्रश्न वेगळा असतो, उतरल्यावर पुढे काय? एअरलाइनच्या मुख्य तळावर दुसरा क्रू मिळतो, इंजिनिअर असतात, सुटे भाग असतात, प्रवाशांना दुसऱ्या फ्लाइटवर टाकता येतं, बऱ्याच जणांची तर घरंच तिथे असतात. तेच विमान अनोळखी विमानतळावर उतरवलं तर तिथे एअरलाइनचा एकही माणूस नसू शकतो, तीनशे लोकांना त्या देशाचा व्हिसा नाही, क्रूची ड्युटी संपत आलेली, आणि कायद्याने ती संपली की तो क्रू विमान उडवूच शकत नाही, मग पायलट शेजारच्या खुर्चीत बसलेला असला तरी काही उपयोग नाही.

एअरस्पेस नाही, विमानतळ बंद पडल्याचं एक उदाहरण देतो कारण त्यात हिशोब अगदी उघडा दिसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाच्या टर्मिनल १ ची वीज गेली तेव्हा एअर न्यूझीलंडचं ऑकलंडहून निघालेलं विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरलं आणि सोळा तास उडून लोक पुन्हा ऑकलंडलाच उतरले. सोशल मीडियावर हसू झालं, अमेरिकेत दुसरं शहर नव्हतं का म्हणून. होतं की. पण एअरलाइनचं म्हणणं असं की तिथे उतरलो असतो तर विमान काही दिवस अडकलं असतं आणि पुढच्या फ्लाइट्स कोलमडल्या असत्या. प्रवासी म्हणून मला पण राग आला असता, पण हिशोब चुकीचा वाटत नाही.

आता लोक म्हणतात की अर्धा रस्ता पार झाला असेल तर पुढे जायचं, नसेल तर मागे यायचं. इथे अजून एक गल्लत आहे, कारण हवेतला अर्धा रस्ता नकाशावरचा अर्धा रस्ता नसतो. समजा ६,००० किलोमीटर जायचंय आणि समोरून वारा आहे, त्यामुळे जाताना वेग पडतो ताशी ८०० आणि परत यायचं झालं तर तोच वारा पाठीवर घेऊन १,०००. मग जिथून पुढे जायला आणि मागे यायला सारखाच वेळ लागेल ती जागा ३,००० वर नाही येत, साधारण ३,३३३ किलोमीटरवर येते, तिथून दोन्हीकडे तीन तास वीस मिनिटं. आणि ज्याच्या पुढे गेलं की परत यायला इंधनच पुरणार नाही ती जागा वेगळीच. राखीव साठा सोडून नऊ तासांचं इंधन असेल तर ती या गणितात ४,००० किलोमीटरवर पडते. म्हणजे ३,८०० वर असताना बातमी आली तर पुढचं गाव पावणेतीन तासांवर आहे, मागचं पावणेचार तासांच्याही थोडं पलीकडे, आणि तरीही मागे फिरता येतं, आणि पुढचं आकाशच बंद असेल तर फिरतातही. (खऱ्या आयुष्यात विमान हलकं होत जातं तसं इंधन कमी जळतं, त्यामुळे आकडे थोडे हलतात, पण गंमत कळण्यापुरतं चालतंय.)

११ सप्टेंबर २००१ ला हेच अटलांटिकवर मोठ्या प्रमाणात झालं. अमेरिकेने आकाश बंद केलं तेव्हा समुद्रावर शेकडो विमानं होती, त्यातली ज्यांना जमलं ती युरोपला माघारी गेली आणि जी फार पुढे आली होती त्यांना कॅनडाशिवाय पर्याय नव्हता. एकट्या गँडरला, म्हणजे कॅनडातल्या जेमतेम दहा हजार वस्तीच्या गावात, ३८ प्रवासी विमानं उतरली आणि साडेसहा हजारांच्या वर माणसं. कित्येकजण आधी तासन् तास विमानातच बसून होते, आणि मोठं सामान विमानाच्या पोटातच ठेवल्यामुळे हातातल्या बॅगेवर दिवस काढले.

परत फिरणं स्वस्तात पडतं असंही नाही. लांब पल्ल्याचं विमान निघताना इतकं जड असतं की आणीबाणी सोडली तर लगेच उतरता येत नाही, बोइंग ७७७-३००ईआर निघू शकतं साधारण ३५१ टनांनी पण उतरायची मर्यादा साधारण २५१ टन. मधले शंभर टन मुख्यतः इंधनच. टेकऑफनंतर तासाभरात आकाश बंद झालं तर एकतर ते इंधन हवेत सोडायचं नाहीतर जळेपर्यंत फिरत राहायचं. म्हणून ट्रॅकिंग ॲपवर समुद्रावर गोल गोल फिरणारं विमान दिसलं की लगेच बिघाड झाला असं समजू नका.

मग थोडं थांबून का बघत नाहीत, उघडेल की तासाभरात? कधी कधी खरंच उघडतं. २३ जून २०२५ ला कतारने आकाश बंद केलं आणि काही तासांत उघडलंसुद्धा, पण तेवढ्यात दोहाकडे येणारी कतार एअरवेजची ९० हून जास्त विमानं इकडे तिकडे पांगली होती. बंद केल्याची नोटीस आली तरी त्यात लिहिलेली वेळ वाढत जाऊ शकते, आणि हवेत घिरट्या घालायला शेवटचा राखीव साठा अर्ध्या तासाचा, त्याला हात लावायची वेळ आली तर इमर्जन्सी जाहीर करावी लागते. शिवाय शेजारच्या देशाच्या आकाशातून जायला परवानगी लागते आणि त्याच वेळी सगळेच त्या चिंचोळ्या पट्ट्यात घुसायला बघत असतात. २०१४ मध्ये युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचं प्रवासी विमान एमएच१७ पाडलं गेलं आणि २०२० मध्ये तेहरानजवळ युक्रेनचं प्रवासी विमान, त्यानंतर बघू काय होतंय म्हणणारं कोणी उरलेलं नाही.

प्रवाशाच्या बाजूने फरक सांगायचा तर डायव्हर्जनमध्ये प्रवास संपलेला नसतो. बऱ्याचदा दारही उघडत नाहीत, इंधन भरतात, आकाश उघडलं आणि क्रूचे तास शिल्लक असले की तीच फ्लाइट पुढे निघते, म्हणून तिथे घाईघाईत नवीन तिकीट काढू नका. विमान परत फिरलं तर मात्र बहुतेक वेळा मीटर शून्यावर. बॅगा बेल्टवर येतात, देश सोडल्याचा शिक्का रद्द करून घ्यावा लागतो, आणि रीबुकिंगच्या रांगेत तुमच्याच विमानातले तीनशे जण तुमच्या पुढे उभे असतात. त्यामुळे सीटसमोरच्या स्क्रीनवर ते इवलंसं विमान वळताना दिसलं तर आधी बघायचं ते हेच, त्याचं नाक कुठल्या शहराकडे आहे.