भाड्याच्या घराला आग लागल्यावर कोणता कागद कुणी काढायचा: ठाणे आणि नवी मुंबईसाठी माहिती

आग विझली की हात आपोआप झाडूकडे जातो. तेवढं मात्र थांबवा. जळालेली वायर, वितळलेला सॉकेट, काळवंडलेला एमसीबी (जास्त भार आल्यास वीज आपोआप तोडणारं बटण) बोर्ड पंचनामा होईपर्यंत जागचा हलवू नका. दुरुस्ती कुणाची, डिपॉझिट परत मिळणार का, विमा मंजूर होणार का, हे सगळं आग कशामुळे लागली यावर ठरतं, आणि त्याचा पुरावा त्या राखेतच असतो. आधी प्रत्येक खोलीचे दारातून फोटो काढा. मग जळालेल्या वस्तूंचे जवळून काढा, जमल्यास मॉडेल नंबर दिसेल असे.

अग्निशमन दलाचा दाखला

ज्या दलाने आग विझवली, त्याच्याकडेच अर्ज करायचा. ठाणे शहरात महापालिकेचं अग्निशमन दल, वाशी-नेरूळ-ऐरोलीत नवी मुंबई महापालिकेचं. तुर्भे-पावणे पट्ट्यात कधी एमआयडीसीची गाडी आधी पोहोचते, म्हणून गाडी कुठून आली ते त्याच दिवशी विचारून ठेवा. खारघर-कामोठ्याचे लोक इथे हमखास चुकतात: पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, पण महापालिका पनवेलची आणि तहसीलही पनवेलची.

अर्जात तारीख, फोन केल्याची वेळ, फ्लॅट नंबर आणि सोसायटीचं पूर्ण नाव लिहा. सोबत ओळखपत्र आणि करारनामा किंवा इंडेक्स-२ (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) जोडा. घरमालक आणि भाडेकरू दोघांनी आपापला अर्ज द्यावा. दाखल्यात फक्त मालकाचंच नाव आलं, तर सामानाचं नुकसान मागताना भाडेकरूला त्या घरात आपण राहत होतो इथपासून सिद्ध करावं लागतं.

पोलीस ठाण्यात जीवितहानी नसेल तर साधारणपणे 'अकस्मात जळीत' अशी नोंद होते. तिचा क्रमांक आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी सामानाची यादी वाचा. 'घरगुती सामान जळून खाक' एवढंच लिहिलं असेल, तर फ्रिज, टीव्ही, कपाट, रोख, दागिने वेगवेगळे नोंदवायला सांगा.

करार कोणता, त्यावर हक्क

ठाणे-नवी मुंबईत बहुतेक भाडेकरू ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. कायद्याच्या भाषेत ते लायसन्सी, म्हणजे जागेत हक्क न मिळता ती फक्त वापरण्याची परवानगी असलेले, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ भाडेपट्ट्याला लागू होतं: आगीने जागेचा महत्त्वाचा भाग कायमचा निकामी झाला, तर भाडेकरू पट्टा रद्द ठरवू शकतो. आग त्याच्या चुकीने लागली असेल तर मात्र हा हक्क राहत नाही. लायसन्सला भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ लागू होतो. त्याच्या कलम ६२ प्रमाणे जागा नष्ट झाली की लायसन्स संपतं. पण एकच खोली जळाली असेल, तर करारातली नोटीस आणि लॉक-इनची (ठरावीक काळ घर सोडता येणार नाही, या अटीची) कलमंच पाहावी लागतात.

करार नोंदवलेलाच नसेल तर अडचण मालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्याची आहे. लेखी करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

दुरुस्ती कुणाच्या खर्चाने

भिंतीतलं वायरिंग, मीटरपासून बोर्डापर्यंतची केबल, जुना एमसीबी हे मालकाकडे. गीझर, इंडक्शन आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर चालवल्याने पेट घेतला असेल, तर बोट भाडेकरूकडे वळतं. दाखल्यात नुसतं 'शॉर्ट सर्किट' लिहिलेलं असतं आणि त्यावरून दोघं भांडत बसतात. त्याऐवजी परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी पाहणी करून घ्या. जळण्याची खूण पाइपमधल्या वायरवर लांबवर आहे, की फक्त प्लगच्या पिनांवर, हे त्याला पाहून सांगता येतं. वीज पुन्हा जोडण्यासाठीही त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. अर्ज ग्राहक म्हणून मालकाने महावितरणकडे करायचा, कळवा-मुंब्रा-शीळ भागात टोरंट पॉवरकडे.

स्लॅबचं प्लॅस्टर फुटून सळई उघडी पडली असेल, तर रंग देऊन झाकू नका. सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी होईपर्यंत तिथे राहू नका.

कायद्याने 'भाडेकरू' असलेल्यांना, म्हणजे जुन्या पागडीच्या घरातल्यांनाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ चा आधार आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालक दुरुस्ती करत नसेल, तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. एका वर्षात मात्र त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिस्स्यापेक्षा जास्त नाही.

विमा आणि गॅस

मालकाचा विमा भिंतींचा असतो, तुमच्या सामानाचा नाही. १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी भाडेकरूला फक्त सामानासाठीही घेता येते. दावा करताना विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भंगारवाल्याला काही देऊ नका. दाखला, पोलीस नोंद, फोटो, बिलं एकत्र ठेवा. बिल जळालं असेल तर ऑनलाइन खरेदीची नोंद किंवा बँक स्टेटमेंट जोडा.

सिलिंडरमुळे आग लागली असेल, तर तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो. वितरकाला लेखी कळवायचं, पुढे कंपनीला कळवणं त्याचं काम. इथे एक अट भाडेकरूंना फार महागात पडते: मालमत्तेची भरपाई कनेक्शनच्या नोंदणीकृत पत्त्यावरच मिळते. गावचं किंवा आधीच्या घरचं कनेक्शन वापरत असाल, तर पत्ता आजच बदलून घ्या.

चावी देताना

घर राहण्यालायक नसेल तर त्याच आठवड्यात मालकाला पत्र आणि ईमेल करा: कोणत्या तारखेपासून राहता येत नाही, भाडं कधीपासून थांबवावं, डिपॉझिट कधी परत हवं. तोंडी 'बघू नंतर' झालं की महिनाअखेरीस भाडं डिपॉझिटमधून कापलेलं दिसतं. चावी दोघांनी मिळून घर पाहिल्यावरच द्या. मीटरचं रीडिंग, उरलेलं सामान आणि चावी मिळाल्याची पोच एकाच कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी घ्या. मालकाला काही रक्कम कापायची असेल, तर त्याने आकडा आणि कारण त्याच कागदावर लिहावं.

करारनामा जळाला असेल तर घाबरू नका. नोंदवलेल्या कराराची प्रत नोंदणी विभागाकडून दस्त क्रमांकावरून मिळते. गुणपत्रिका जळाल्या असतील, तर मुंबई विभागाच्या दहावी-बारावीच्या दुय्यम गुणपत्रिकेसाठी राज्य मंडळाचं विभागीय कार्यालय वाशीतच आहे. तिथे जाताना पोलीस नोंदीची प्रत बरोबर असू द्या.