सागवानाचा सांधा का सुटतो?

सातपुड्याच्या पायथ्याला, तळोद्यापासून यावलपर्यंत, सुतारकामात एक सल्ला सर्रास ऐकू येतो: काचपेपर मारून लाकूड खरखरीत कर, मग डिंक धरेल. हा सल्ला सागवानाला तरी मारकच आहे. जाड काचपेपरने वरचे तंतू चिरडले जातात. डिंक त्या मोडक्या थराला चिकटतो आणि ताण आला की तो थरच उखडून येतो. धारदार रंध्याने तासलेलं गुळगुळीत अंग कधीही चांगलं.

खरं विघ्न तेलकटपणाचं. सागाच्या गाभ्यात मेणचट द्रव्यं, रबरासारखा पदार्थ आणि टेक्टोक्विनोन नावाचं रसायन असतं. सागाला सहसा वाळवी लागत नाही ती अशा द्रव्यांमुळे, अमावस्येला झाड तोडल्यामुळे नव्हे. लाकूड वाळताना आणि नंतर पडून राहिल्यावरही यातली काही द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येतात.

तिथे काय घडतं ते फार सुंदर आहे. लाकडाचे तंतू ज्याचे बनतात त्या सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. डिंकातल्या रेणूंशी ते हायड्रोजन बंध जोडतात. पण हा बंध 1 नॅनोमीटरच्याही आतल्या अंतरावरच जमतो. मध्ये तेलाचे चार रेणू आडवे आले की हात पोचतच नाही. पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. ताज्या तासलेल्या फळीवर तो पसरून जिरतो. महिनाभर पडून असलेल्या फळीवर अळूच्या पानावरच्यासारखा गोळा होऊन बसतो. थेंबाच्या कडेचा लाकडाशी होणारा कोन 90 अंशांच्या वर गेला, की पाण्यात कालवलेला डिंक तिथलं लाकूड नीट भिजवू शकणार नाही.

उपाय रासायनिक आहेत. ॲसिटोनच्या फडक्याने पुसलं की वरचं तेल विरघळून निघतं. कॉस्टिक सोड्याचं 10 टक्के द्रावण ही जुनी रीत. सोडा तेलाम्लांचा साबण करतो; मग अंग स्वच्छ पुसून पूर्ण वाळू द्यायचं. मात्र लाकूड काळवंडतं आणि कातडी भाजते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेने 1990च्या दशकात रिसॉर्सिनॉल या रसायनावर आधारलेला अस्तरलेप काढला, तो लाकूड आणि इपॉक्सी डिंक दोघांनाही धरतो.

ॲसिटोन 56 अंश सेल्सिअसला उकळतं आणि भडकन पेटतं, त्यामुळे जवळ विडी नको. पुसून सुकताच डिंक लावायचा, कारण तेल पुन्हा वर येतं. जळगावच्या मे महिन्यात हे काम सकाळीच उरकावं; दुपारी क्लॅम्प आवळेपर्यंत डिंकावर साय धरते.