बॅचलर्स बटण

बॅचलर्स बटण या एकाच नावाने दोन वेगळी झाडे ओळखली जातात. पहिले निळ्या फुलांचे, शेवंतीच्या कुळातले कॉर्नफ्लॉवर (सेंटॉरिया सायनस). दुसरे जांभळ्या, खरखरीत बोंडांचे, राजगिऱ्याच्या कुळातले गॉम्फ्रेना. मुंबईच्या रोपवाटिकेत नुसते ‘बॅचलर्स बटण’ मागितले, तर बहुधा दुसरेच हाती येते. म्हणून बियांच्या पाकिटावरचे शास्त्रीय नाव वाचूनच घ्यावे. ही नोंद मुख्यतः पहिल्याची आहे.

कॉर्नफ्लॉवर मूळचे युरोपातल्या गव्हाच्या शेतातले तण. अविवाहित पुरुष ते कोटाच्या काजात खोचत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. एस्टोनियाचे ते राष्ट्रीय फूल आहे. एका फुलात अनेक छोटी फुले (फुलके) असतात; त्यांतली कडेची कर्ण्यासारखी मोठी फुलके वांझ असतात. बी धरते ते मधल्या बारीक फुलकांत. निळ्या रंगाचे गूढ मोठे गमतीचे आहे. लाल गुलाबातलेच रंगद्रव्य इथे लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्याशी जोडले जाऊन निळे दिसते.

पेरणीची वेळ. मुंबईत हे झाड साधते की फसते, ते तारखेवर ठरते. त्याला गारवा हवा. शिवाय दिवस मोठा होऊ लागला की ते कळ्या धरते. डिसेंबरात इथला दिवस जेमतेम 11 तासांचा असतो, म्हणून तोवर रोप जमिनीलगत पानांचा घोस करून बसते आणि कळ्या साधारण जानेवारीअखेरीस दिसू लागतात. परतीचा पाऊस संपला की, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरावे. डिसेंबरात पेरलेले रोप अंग धरायच्या आतच मार्चच्या उकाड्यात सापडते.

माती. कोकणातली लाल माती आम्लधर्मी असते, आणि या झाडाला किंचित अल्कधर्मी माती मानवते. दोन भाग माती, एक भाग जुने शेणखत, एक भाग जाड वाळू असे मिश्रण करून 10 इंची कुंडीमागे चहाचा एक चमचा बागेचा चुना मिसळावा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) फार घालू नये. दमट हवेत ते ओल धरून ठेवते.

पेरणी. सोटमूळ असल्याने रोप उपटून लावलेले त्याला सोसत नाही. बी थेट कुंडीतच, साधारण 1 सेंटिमीटर खोल पेरून मातीने पुरते झाकावे, कारण ते अंधारात चांगले रुजते. 7 ते 14 दिवसांत अंकुर येतात. एका कुंडीत तीनच रोपे ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटली तर शेजारची मुळे हलतात. रोप 15 सेंटिमीटरचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात.

निगा. रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. ग्रिलच्या सावलीतल्या खिडकीत काड्या लांबतात आणि फुले मोजकीच येतात. वरची इंचभर माती सुकली की सकाळी बुडाशी पाणी द्यावे. खताचा लोभ नडतो: नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि काडी लोळते. शेणखतावरच भागते. उंच जातींना बारीक काठ्या व सुतळीचा आधार द्यावा. सुकलेली फुले आठवड्यातून दोनदा काढली तर बहर लांबतो.

काय बिघडते. कोवळी रोपे बुडाशी काळी पडून कोलमडली, तर पाणी जास्त झाले आहे. पानांवर पांढरी भुकटी म्हणजे भुरी हा बुरशीचा रोग. हवा खेळती ठेवून रोगट पाने काढावीत. कळ्यांखाली मावा सर्रास येतो. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून, ऊन उतरल्यावर फवारावे. मुंग्यांची रांग दिसली की मावा शोधावाच. पण मुंग्या या झाडाच्या बियांसाठीही येतात, कारण बियांच्या टोकाशी त्यांना आवडणारा स्निग्ध भाग असतो. म्हणून बोंड वाळल्या गवताच्या रंगाचे होताच कापून कागदावर सुकवावे. बी राखाडी, टोकाला आखूड केसांचा ब्रश असलेले असते. पावसाळ्यातली दमट हवा त्याला मारते; सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे.

मार्चअखेर कुंडी रिकामी होते. त्याच मातीत मे महिन्यात गॉम्फ्रेनाचे बी रात्रभर भिजवून पेरता येते. त्याला उकाडा चालतो, आणि निचरा चांगला असेल तर पाऊसही.