उभ्या-आडव्या धाग्यांची चिप

सोलापूरच्या पूर्व भागात माग चालू असताना जवळ उभं राहून पाहा. उभे धागे ताणलेले असतात, धोटा आडवा धागा घेऊन सपकन पलीकडे जातो. नक्षी ठरते ती दोन धागे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे. मेंदूच्या धर्तीवरची चिप शिकवताना मी फळ्यावर आधी मागच काढतो.

आपल्या संगणकात साठवण एकीकडे, आकडेमोड दुसरीकडे. सूत एका घरात, माग दुसऱ्या घरात, आणि धाग्याधाग्यासाठी हेलपाटे. बरीच वीज त्यातच खर्च होते. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, तरी त्याचा कारभार साधारण २० वॅटमध्ये भागतो. तिथे आठवण आणि काम एकाच जागी चालतं.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे जमवू शकतो मेमरिस्टर, म्हणजे आपल्यातून किती वीज गेली ते लक्षात ठेवणारा रोधक. विद्युत अभियंते लिऑन चुआ यांनी १९७१ साली तो कागदावर मांडला. २००८ मध्ये एचपी या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात तो दाखवला. वीज वाहिली की थरातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा (जिथे ऑक्सिजनचा अणू नाही अशा) सरकतात आणि रोध बदलतो. वीज बंद केली तरी तो तसाच राहतो, वर्दळीने रुळलेल्या पायवाटेसारखा.

आता बारीक तारा उभ्या-आडव्या टाका आणि प्रत्येक छेदावर एक मेमरिस्टर बसवा. आडव्या तारांना व्होल्टेज दिलं की छेदाछेदावर ओहमच्या नियमाने व्होल्टेज आणि मेमरिस्टरमध्ये साठवलेली वाहकता (रोधाच्या उलट) यांचा गुणाकार होतो, आणि उभ्या तारेत सगळे प्रवाह एकत्र येऊन बेरीज होते. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे चेतापेशींच्या जाळ्यावर बेतलेल्या, उदाहरणांतून शिकणाऱ्या प्रोग्रामला, मुख्यतः हेच लागतं. हजारो गुणाकार एका दमात, साठवलेला एकही आकडा जागचा न हलवता! कितीही वेळा शिकवलं तरी मला याचं अप्रूप वाटतं.

दोन मेमरिस्टर तंतोतंत सारखे बनत नाहीत, ही मोठी अडचण आहेच.

तरीही हृदयरोग्यांसाठी मला यातून फार आशा वाटते. हृदयाचे ठोके दिवसाला सुमारे एक लाख. ठोके टिपणाऱ्या छातीवरच्या पट्टीने प्रत्येक ठोका मोबाईलला पाठवला तर बॅटरी लवकर संपते. अशी चिप लय नेहमीची असेल तोवर जवळजवळ गप्प राहील, बिघडली की जागी होईल. एवढ्या कामाला छोटा सौरघटही पुरू शकेल.

ऊन आपल्याकडे भरपूर. पण सिलिकॉनचा सौरघट २५ अंशांपुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्के शक्ती गमावतो. ६५ अंशांपर्यंत तापला तर १६ टक्के गेलेच. मेमरिस्टरमधल्या त्या रिकाम्या जागाही उष्णतेने आपोआप सरकू लागतात, साठवलेलं पुसट होतं. म्हणून अशा पट्टीची चाचणी वातानुकूलित खोलीत करून भागणार नाही. ती एप्रिलच्या दुपारी, पत्र्याच्या कारखान्यात मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या घामेजल्या छातीवर व्हायला हवी.